रस्सी ओढण्याआधीचा अर्धा तास



मे महिना सरत आला की आमच्या भागात दोन कामं एकदम निघतात. शेतात भाताच्या राबाची जमीन, आणि गावात-सोसायटीत वाकलेल्या फांद्या. या दुसऱ्या कामासाठी आता घरोघर पेट्रोलवरचं कटर आलंय. कुणी चेनसॉ म्हणतं, कुणी करवत मशीन. नाव काहीही घ्या, पण मी गेली काही वर्षं बघतोय, मशीन विकत घेताना माणूस दहा दुकानं फिरतो, आणि चालू करताना मात्र दहा मिनिटंही थांबत नाही. आजची नोंद त्यावर आहे. मशीन चालवायचं कसं हे नाही. रस्सी ओढण्याआधी काय बघायचं, काय लावून घ्यायचं, एवढंच.

नवीन मंडळींसाठी थोडं माझ्याबद्दल. मी मूळ नेरूळ गावचा. १९७० साली सिडको आली आणि ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या, त्यात आमची खाचरंही गेली. गाव राहिलं, शेत गेलं. आता पेण तालुक्यात थोडी जमीन आहे, भात आणि आंबा-फणसाची बाग. आठवड्यातले तीन-चार दिवस तिकडे, बाकी इथे. शिक्षण दहावी पास. मशीनचं जे काही सांगतोय ते मशीनबरोबर आलेलं पुस्तक बसून वाचून, आणि मिस्त्रीजवळ उभं राहून शिकलेलं.

मशीन घेतलं २०२० साली. ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि रायगड जिल्ह्यातल्या बागा आडव्या झाल्या. नारळ, सुपारी, आंबा, फणस, काही बघितलं नाही त्याने. आमच्या बागेतही जुनी झाडं मुळासकट पडली. कुऱ्हाड-करवतीने ती उचलायला पावसाळा पुरला नसता. त्या हंगामात आमच्याकडे ज्याला परवडलं त्याने मशीन आणलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा आणखी आली. म्हणजे आमच्या भागातली बरीचशी मशीनं घाईत घेतलेली, वादळाच्या चिखलात शिकलेली. दुकानदाराने पहिल्या दिवशी चेन ताणून दिली, तीच काय ती. नंतर कुणी पाना लावलाच नाही.

हे मशीन आहे काय ते आधी समजून घ्या. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरने धावणारे दात, आणि आपल्या मांडीपासून वीतभर लांब. कोयता चुकला तर एक घाव बसतो. हिचा एक सेकंद म्हणजे शेकडो दात.

या दातांची गोष्ट शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन भागात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. जुन्या चेनीला साध्या करवतीसारखे दात असायचे, सारखे कानसावे लागायचे. एकदा त्याने लाकूड पोखरणारी जाड अळी बघितली. ती लाकडाच्या रेषेत पण खाते आणि आडवी पण खाते, तिला काही अडत नाही. तिचे दोन जबडे डावी-उजवीकडे कातरत जातात. त्याने तसेच वळलेले दात, एक डावा, एक उजवा, असे चेनीला बसवले, आणि १९४७ साली ती चेन बाजारात आणली. आजची आपली चेन त्याच घराण्यातली. आपल्या आंब्याच्या खोडात शिरणारा भिरूड ज्या धंद्यात आहे, त्याच धंद्यातली अळी ती. भिरूड बागायतदाराला रडवतो, पण त्याच्या लांबच्या भावंडाने आपली करवत सुधारली.

आता कामाला लागू. क्रम सांगतो, तो मोडू नका.

पहिलं म्हणजे जागा. मशीन टेबलावर किंवा सपाट फळीवर घ्या. इंजिन बंद आणि थंड. प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे चुकून चालू व्हायचा प्रश्नच नाही. हातात जाड हातमोजे. चेन बंद असली तरी बोट कापते.

चेनीचा ताण. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. ढिली चेन पट्टीवरून उतरते, आणि उतरताना चाबकासारखी मागे येते. फार घट्ट चेन पट्टी खाते, पुढची चकती खाते, इंजिनवर भार टाकते. बाजूच्या झाकणाचे दोन नट थोडे सैल करा, पूर्ण काढू नका. पट्टीचं टोक हाताने वर उचलून धरा. हे महत्त्वाचं, कारण काम करताना लाकूड पट्टीला वरच ढकलतं. टोक वर धरूनच ताणाचा स्क्रू हळूहळू फिरवा. पट्टीच्या खालच्या अंगाला लोंबणारी चेन वर येऊन पट्टीला टेकली की थांबा. टोक तसंच वर धरून नट आवळा.

आता तपासा. चेनब्रेक सोडलेला असू द्या, म्हणजे पुढची दांडी हँडलकडे ओढलेली. हातमोजा घालून चेन पट्टीवरून ओढा. न अडखळता सरकली पाहिजे. मग पट्टीच्या मधोमध चेन चिमटीत धरून वर उचला. थोडी उचलेल, पण तिच्या खालची जिभा पट्टीच्या खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नये. आल्या तर ढिली. उचललीच नाही आणि ओढताना अडकली तर घट्ट.

नवी चेन पहिल्या दिवशी पटकन लांबते. पहिल्या टाकीत दोन-तीनदा थांबून बघा. काम करताना चेन तापते आणि लोंबते, तेव्हा ताणावी लागते. पण काम संपलं की ती परत ढिली करून ठेवा. तापलेली चेन ताणून तशीच ठेवली तर थंड होताना आखडते, आणि तो सगळा ओढा आतल्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. बैलगाडीचं जू खांद्यावर ठेवूनच बैल गोठ्यात बांधल्यासारखं आहे ते.

धार. चेनीला धार आहे की नाही हे भुसा सांगतो. जाडसर चुरा, तांदळाच्या पोह्यासारखे तुकडे पडत असतील तर धार आहे. पिठासारखी बारीक धूळ उडत असेल, मशीन दाबावं लागत असेल, काप एका बाजूला वळत असेल, तर थांबा. बोथट मशीन सुरक्षित असतं असा एक समज आहे. तो खोटा आहे. बोथट चेनीला माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेलं मशीन सुटलं की माणूसही त्याच्याबरोबर पुढे जातो.

कानस गोल लागते, आणि तिची जाडी चेनीप्रमाणे. छोट्या मशीनच्या बारीक चेनीला साधारण ४ मिलिमीटर, मधल्या चेनीला ४.८. चेनीचा नंबर पुस्तकात असतो, बहुतेकदा पट्टीच्या बुडाशीही कोरलेला असतो. तो कागदावर लिहून दुकानात न्या. "मोठ्या मशीनची कानस द्या" असं सांगून आणू नका. दाताच्या वरच्या पाठीवर बहुतेक चेनींना तिरकी रेघ असते, ती साधारण ३० अंशाची. त्या रेघेत कानस धरा, आतून बाहेर ढकला, परत येताना उचला. मागेपुढे घासू नका. प्रत्येक दाताला सारखे दोन किंवा तीन हात. एका बाजूचे सगळे झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. सगळे दात सारख्या लांबीचे राहिले पाहिजेत. एक दात दगडाला लागून तुटला असेल तर बाकीचे त्याच्या मापाला आणा, नाहीतर चेन बदला.

दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो. दाताने किती खोल खायचं ते तो ठरवतो. दात कानसून खाली गेला की हा उंचवटा पण थोडा खाली घ्यावा लागतो, चपट्या कानसीने, आणि मापाची पट्टी ठेवूनच. बऱ्याच चेनींना हे अंतर ०.६५ मिलिमीटर असतं, आपल्या चेनीचं पुस्तकात बघा. काही हुशार लोक मशीन जोरात कापावं म्हणून तो उंचवटा जास्तच घासून टाकतात. मग दात लाकडात खोल घुसतो, अडकतो आणि मशीन उसळतं. मजुरीवर मशीन चालवणाऱ्या पोरांमध्ये ही खोड मी जास्त बघितली. वेळ वाचतो म्हणे.

पट्टी. झाकण काढलंच आहे तर पट्टीची खाच पातळ पत्र्याने साफ करा. तेल येतं ती दोन बारीक भोकं तारेने मोकळी करा. पट्टीच्या कडेला धारदार कंगोरा आला असेल तर चपट्या कानसीने घासा. आणि पट्टी पालटून लावा, खालची बाजू वर. आपण जास्त कापतो खालच्या अंगाने, त्यामुळे एकच बाजू झिजते. ट्रॅक्टरचे टायर बदलून लावतो तसंच हे. चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीवर खोल खड्डे पडले असतील तर ती बदला. जुन्या चकतीवर नवी चेन घातली तर नवी चेनही लवकर जाते.

चेनीचं तेल. ही टाकी वेगळी. नियम सोपा, पेट्रोल भरलं की चेन ऑईल पण भरायचं. बरेच लोक गाडीचं जळकं ऑईल घालतात, फुकट मिळतं म्हणून. त्यात लोखंडाचा कीस असतो, पंप चोंदतो, आणि ते सगळं आपल्या अंगावर आणि झाडाखालच्या मातीत उडतं. ज्या मातीत आपण शेणखत घालतो तिथेच ते पडणार. एवढं वाचवू नका.

पेट्रोल. हे टू-स्ट्रोक इंजिन. साधं पेट्रोल घातलं तर पिस्टन धरतो. चांगल्या टू-टी ऑईलचं प्रमाण बऱ्याच मशीनला ५० ला १, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिली. काही ठिकाणी २५ ला १, म्हणजे ४० मिली. मशीनच्या पुस्तकात आणि ऑईलच्या डब्यावर काय आहे ते बघून ठरवा, शेजाऱ्याच्या मशीनवरून नाही. मोजायला औषधाच्या बाटलीचं माप चालतं. आधी ऑईल, मग पेट्रोल, आणि डबा हलवा.

दुसरी गोष्ट, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाचा, मक्याचा पैसा होतो, शेतकऱ्याला चांगलंच आहे. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्या नेरूळला खाडी जवळ, पावसाळ्यात भिंती पाझरतात. अशा हवेत दोन महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी तळाला बसतं, आणि टाकीतली नळी नेमकं तळातलंच ओढते. शिवाय रबरी नळ्या खराब होतात. म्हणून लागेल तेवढंच मिसळा, महिन्यावर ठेवू नका. गेल्या हंगामातलं पेट्रोल या हंगामात मशीनला घालू नका.

भरताना इंजिन बंद, थोडं थंड झालेलं, आसपास बिडी-सिगारेट नाही. सांडलं तर पुसा. आणि जिथे भरलं तिथेच चालू करू नका, निदान तीन मीटर लांब न्या.

एअर फिल्टर. कोरडा भुसा आपटून, ब्रशने काढा, किंवा पुस्तकात असेल तसा धुऊन पूर्ण वाळवून लावा. चोंदलेला फिल्टर म्हणजे नाक दाबून पळणं. प्लग काढून बघा. कोरडा विटकरी रंग बरा, काळाकुट्ट ओला असेल तर फिल्टर किंवा ऑईलचं प्रमाण बघा. टोकांमधली फट बऱ्याच मशीनला ०.५ मिलिमीटर.

कार्ब्युरेटरवर तीन स्क्रू असतात. एच आणि एल अशी खूण असलेले दोन सोडून द्या, ते मिस्त्रीचं काम. ते चुकीचे फिरले तर इंजिनला पेट्रोल-ऑईल कमी मिळतं आणि ते आतून जळतं. आपण हात लावायचा तो फक्त तिसऱ्याला, स्लो रेसच्या स्क्रूला. त्यावर टी किंवा एलए लिहिलेलं असतं.

त्या स्क्रूबद्दल नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या अर्ध्या तासात हे एक मिनिट सगळ्यात मोलाचं.

मशीन चालू आहे, बोट एक्सलेटरवरून काढलंय, इंजिन हळू फटफटतंय. अशा वेळी चेन पूर्ण थांबली पाहिजे. अजिबात सरकता कामा नये. ती हळूहळू सरकत असेल तर स्क्रू उलटा, घड्याळाच्या विरुद्ध, थोडा थोडा फिरवत जा, चेन थांबेपर्यंत. त्यातही थांबली नाही, किंवा इंजिनच बंद पडायला लागलं, तर आतल्या क्लचची स्प्रिंग गेलेली असू शकते. मग मशीन कामाला न्यायचं नाही, मिस्त्रीकडे न्यायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या पावसातली गोष्ट. नेरूळमध्येच, ओळखीच्या एका सोसायटीच्या गेटवर रेन ट्रीची मोठी फांदी पडली. या शहरात सिडकोने रस्त्याकडेला रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर भरपूर लावले. वाढ भराभर, लाकूड हलकं, मुळांभोवती पेव्हर ब्लॉक. पावसाने पालवी जड झाली की फांदी कडाडते. पालिकेच्या उद्यान विभागाला कळवून झालं होतं, पण त्या सकाळी शहरभर झाडं पडलेली. आत एक आजारी म्हातारी होती, तिला डायलिसिसला न्यायचं होतं, आणि गाडी गेटच्या आत. मला फोन आला. मी आणि पुतण्या मशीन घेऊन गेलो. मशीन पुतण्या चालवणार होता, तो माझ्यापेक्षा चांगला चालवतो.

चालू केलं तर चेन स्लोवर सरकत होती. फार नाही, मुंगीच्या चालीने. पुतण्या म्हणाला, "काका, एवढ्याने काय होतंय, फांदी मोकळी करू आधी." म्हातारीचा मुलगा हात जोडून उभा. मागे पंधरा माणसं, निम्मे मोबाईल वर करून. कुणीतरी म्हणालं, "चालू आहे ना मशीन, मग बंद कशाला करताय?" मी मशीन खाली ठेवायला लावलं. पावसामुळे सगळं भिजलेलं, स्क्रू ड्रायव्हर सरकत होता. पाच-सात मिनिटं गेली असतील. त्या पाच-सात मिनिटांत मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. आपल्या माणसाची गाडी अडकलेली असताना समोरचा स्क्रू फिरवत बसलाय हे बघणं सोपं नसतं, त्यांचंही खरं होतं.

चेन थांबली. मग काम सुरू झालं. तिसऱ्या की चौथ्या कापानंतर पुतण्या एक फांदी ओलांडून पलीकडे जात होता. ओल्या पाल्यावर पाय गेला आणि तो एका गुडघ्यावर आला. मशीन हातात, इंजिन चालू, चेनब्रेक सोडलेला. पट्टी सरळ मांडीवर टेकली.

पँटवर तेलाचा काळा पट्टा उमटला. बस्स, एवढंच. चेन थांबलेली होती.

तो उठला, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. ब्रेक लावला, दोन मिनिटं बसला, पाणी प्यायला आणि फांदी मोकळी केली. म्हातारी वेळेत गेली. त्यानंतर तो दोन पावलं चालायचं असलं तरी ब्रेक लावतो, आणि मशीन चालू केल्यावर पहिली नजर चेनीवर टाकतो. त्याला मी नंतर कधी काही सांगितलं नाही, गरज नव्हती.

मंडळी, मांडीत मोठी रक्तवाहिनी असते. तिथे कापलं तर दवाखाना जवळ असूनही वेळ पुरत नाही. पेणच्या आतल्या वाडीत तर दवाखानाच लांब. म्हणून त्या एका स्क्रूवर मी एवढं लिहिलं.

आता चालू करण्याची रीत आणि चालू केल्यावरच्या तीन परीक्षा.

मशीन जमिनीवर सपाट ठेवा. चेनब्रेक लावलेला. उजव्या पायाचा पंजा मागच्या हँडलच्या आत दाबा, डाव्या हाताने पुढचं हँडल अंगठा खालून वळवून घट्ट धरा, उजव्या हाताने रस्सी ओढा. चेन कशालाही टेकलेली नको. एका हातात मशीन लोंबकळत ठेवून रस्सी ओढायची फॅशन आहे, व्हिडिओत चांगली दिसते, करू नका.

पहिली परीक्षा स्लोची, ती वर सांगितली. दुसरी ब्रेकची. दोन्ही हातांनी घट्ट धरून सेकंदभर रेस द्या आणि डाव्या मनगटाने पुढची दांडी ढकला. चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. घरंगळत थांबली तर ब्रेक झिजलाय किंवा आत भुसा-तेल साठलंय. ब्रेक लावलेला असताना जास्त रेस देऊ नका, क्लच जळतो. तिसरी परीक्षा तेलाची. पट्टीचं टोक एखाद्या वाळक्या पुठ्ठ्यावर किंवा फिकट लाकडावर, वीतभर वर, टेकू न देता धरा आणि रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर चेन कोरडी पळतेय.

याशिवाय हँडलवरचा वरचा खटका न दाबता एक्सलेटर दाबला जाता कामा नये. पट्टीच्या बुडाशी चेन अडवायचा एक आकडा असतो, तो तुटलेला नको. बंद करायचं बटण एका बोटाने चाललं पाहिजे. हे बघायला अर्धं मिनिट लागतं.

हा ब्रेक इतका महत्त्वाचा का? पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की मशीन कापत नाही, उलट फिरून आपल्या तोंडाकडे येतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. त्या वेळी मनगट दांडीला लागून किंवा झटक्याने ब्रेक बसतो. म्हणून टोकाने कापायचं नाही, खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर उभं राहून चालवायचं नाही, आणि डावा हात कधी सोडायचा नाही.

कपड्यांचं बोलू. लुंगी, बर्मुडा, स्लीपर आणि गळ्यात लोंबता गमछा हा आमच्याकडचा गणवेश. यातलं काही चालणार नाही. चेनसॉची खास पँट मिळते, तिच्यात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे बाहेर येऊन चकतीत गुंततात आणि मशीन जागीच थांबतं. महाग आहे, मान्य. पण मशीनच्या किमतीत ती धरूनच हिशोब करा, किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एक घ्या. पुढे जाळी असलेलं हेल्मेट, डोळ्याला चष्मा, पायात जाड बूट, कानाला बंद. या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आणि कान गेलेला परत येत नाही.

मशीन शंभर टक्के चोख असलं तरी काही कामं आपली नाहीत. विजेची तार अडकलेली फांदी, ती महावितरणची माणसं लाईन बंद करून देईपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही. मुळासकट पडलेलं झाड, त्याचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा मातीसकट परत उभा राहतो, त्याच्या मागे माणूस-जनावर नको. दोन टोकांवर टेकून धनुष्यासारखी वाकलेली फांदी, ती सुटली की हाड मोडते. निसर्ग वादळानंतरच्या बागा अशाच फांद्यांनी भरलेल्या होत्या. ज्याला अनुभव आहे त्यालाच बोलवा. आणि एकट्याने मशीन चालवायचं नाही, हाकेच्या अंतरावर एक माणूस पाहिजे.

कायद्याचंही लक्षात असू द्या. नेरूळसारख्या शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी. छाटणीआधी पण विचारून घ्या. गावाकडे १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत सागाबरोबर आपला आंबा आणि फणसही येतो. झाड आपल्या बांधावर आहे म्हणून आपल्या मर्जीवर आहे असं नाही.

काम झाल्यावर अजून दहा मिनिटं द्या. चेन ढिली करा. झाकण उघडून भुसा-तेलाचा लगदा काढा, तो वाळला की दगड होतो. पट्टीवर कव्हर चढवा. महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. उघड्यावर, बंद खोलीत नाही. मशीन पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. मशीनबरोबर एका डब्यात पाना, दोन कानशी, स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, एक जादा प्लग आणि जखम दाबायला मोठी स्वच्छ पट्टी. हा डबा मशीनशिवाय कुठे जात नाही आणि मशीन डब्याशिवाय.

शेवटचं. मशीन मागायला लोक येतात, देणं-घेणं हे गावाचं जुनं वळण आहे, ते मोडू नये. पण नांगर देणं वेगळं आणि हे देणं वेगळं. ज्याला चेन ताणता येत नाही, त्याला नुसतं मशीन देऊ नका. आधी समोर बसवून एकदा ताणून घ्या. ज्याला तेवढाही वेळ नाही, त्याच्याकडे आपण जाऊन काम करून द्यावं. मैत्री पण राहते आणि माणूस पण राहतो.

पावसाला दिवस थोडे राहिलेत. उद्या सकाळी चहा झाला की मशीन फळीवर घ्या, प्लगची टोपी काढा आणि चेनीपासून सुरुवात करा. मिस्त्री आणि कृषी खात्यातली मंडळी वाचत असतील तर चुकलं-राहिलं ते जरूर सांगा, नोंदीत भर घालेन.

राम राम.